नदीच्या तळाने

रेमेई म्हणते, घाई असेल तर वरच्या रस्त्याने जा,
तिथे सिग्नल आहेत, बस आहेत, वेळेवर पोचणारी माणसं आहेत.
आपण तळाने जाऊ.

आणि सायकल उतारावर सोडून देते,
ब्रेकवर फक्त दोन बोटं.
टोपलीत चार संत्री, घडीची छत्री,
गुडघ्याला चोळायचं मलम.
बहात्तर वर्षांची बाई
नदीच्या पात्रात उतरते,
कोरडी.

वालेन्सियात नदी नाही.
म्हणजे आहे, पण वेगळी काढलेली,
तापट दिराला शेतावरच्या खोलीत ठेवावं
तशी शहराबाहेर, दक्षिणेला.
सत्तावन साली एकाच दिवसात दोनदा घरात शिरली होती.
रेमेई चार वर्षांची. बापाचं चपलांचं दुकान.
चिखलातून एकशे नऊ नग निघाले,
बहुतेक डाव्या पायाचे.
मग नदी हलवली
आणि पात्र उरलं.
पात्रात लोकांनी झाडं लावली.

आता आम्ही माशांच्या उंचीवरून जातो.
मान वर केली की पुलांची पोटं दिसतात,
काळपट, कमानदार, थंड.
पुलाखालून बरंच पाणी वाहून गेलं, असं आपण सहज म्हणतो;
या पुलांसमोर ते म्हणवत नाही.
त्यांच्याखालून मुलं वाहतात, कुत्री,
स्केटवरची एक नवरी, तिचा पदर धरून धावणारा फोटोग्राफर.
कठड्यावरचे दगडी संत
पाण्यावर नजर ठेवायला बसवलेले,
ते निमूट फुटबॉल बघतात.

प्रत्येक पुलाखाली रेमेई घंटी वाजवते.
लाकडी पुलाच्या पुढच्या कमानीत
एलोई ट्यूबा घेऊन बसलेला असतो,
घरी शेजारी भिंत ठोकतात म्हणून.
तिच्या घंटीला तो एकच सूर देतो,
जाड, म्हशीच्या हंबरण्यासारखा,
आणि पुन्हा आपल्या चुकांकडे वळतो.

आम्हाला कुणीही मागे टाकतं.
बाबागाडी ढकलत पळणारा बापसुद्धा.
रेमेई त्याला हात करते.

नदीचं मूळ विचारू नये म्हणतात.
इथे मुखही विचारू नये.
ऑपेराचं पांढरं शिरस्त्राण मागे पडतं
आणि बाग संपते, अर्ध्या वाक्यात.
पुढे रूळ, कुंपण, गोदामं.
समुद्राचा वास येतो, समुद्र येत नाही.
तिथे बसून आम्ही संत्री सोलतो.

तिथेच एकदा तिने सांगितलं,
मी विचारलं नव्हतं.
त्या ऑक्टोबरात पाणी पलीकडच्या गावांत शिरलं,
जिथे नदी वेगळी काढली, त्याच्याही पलीकडे.
आमची चाकं इकडे कोरडीच.
रेमेईने दांड्याला झाडू बांधला
आणि पादचारी पूल ओलांडून गेली.
या वयात फावडं कोण देणार तिला?
एका अनोळखी अंगणात तिने बूड टेकलं
आणि ढिगातून जोड्या लावत बसली.
लहान मुलाचे बूट, सपाता, लग्नातले टाचांचे.
संध्याकाळपर्यंत सतरा जोड्या.
बाकीचे?
बाकीचे डावे, ती म्हणाली,
आणि साल मुठीत धरून
कचऱ्याचा डबा शोधत लांब चालत गेली.

मला वाटलं होतं, हे सांगितल्यावर
ती वरच्या रस्त्याने परतेल.
ती पुन्हा तळानेच निघाली.

परतीला वारा पाठीवर असतो,
तरी पाय जड होतात.
चढ आहे, डोळ्यांना न दिसणारा.
बागेला माहीत नाही, नकाशात नाही,
पण जमीन अजून समुद्राकडेच उतरते आहे,
कुणीतरी यायचं असल्यासारखी.

रेमेई कमानीखाली थांबते, एक पाय टेकून.
मलम काढते. गुडघ्याला चोळत म्हणते,
ह्याला कळतं बघ,
आपण कुणाच्या विरुद्ध निघालोय ते.