उलटा हात

वाशीच्या अग्निशमन केंद्रात,
ओले पाइप वाळत घालतात त्या मनोऱ्याच्या सावलीत
आम्ही टेबल मांडलं, वायरी चिकटपट्टीने दाबल्या
आणि जनार्दन तांडेल यांच्या डोळ्यांवर
एक जळती इमारत बांधली.

धूर माझा. तीन महिने खपून केलेला,
छताकडून उतरणारा, वर काळा, खाली राखाडी.
पावण्यातल्या एका बंद कारखान्यावरून जिना घेतला,
डावीकडे दार, उजवीकडे दार,
आत कुठेतरी एक माणूस खोकतो
(खोकला माझ्या भावाचा, घरी रेकॉर्ड केलेला).

तांडेल लगेच गुडघ्यांवर आले.
फरशीवर, चहाच्या डागाला वळसा न घालता
रांगत निघाले.
नवी पोरं हसली. मग हसेनाशी झाली.

माझ्या पडद्यावर त्यांची नजर, हिरवा ठिपका:
दाराची फट, बिजागरी, पुन्हा फट.
डाव्या दाराशी थांबले.
चार पूर्णांक दोन सेकंद.
आमच्या तक्त्यात याला ‘विलंब’ म्हणतात.

त्यांनी उजवा हात उलटा केला,
दाराला लावायला गेले
आणि हात दारातून आरपार.

‘‘ताई, दार गार आहे का तापलंय?’’

मी दाराला रंग दिला होता, रंगाला पोपडे दिले होते,
एक गंजकी कडीसुद्धा.
ताप द्यायचा राहिला.

आंधळ्या कोशिंबिरीत राज्य आलेल्या पोरासारखे
ते तसेच, हात पुढे धरून.
उलटा का, मी विचारलं.
‘‘तळवा भाजला तर पाइप कोण धरणार?’’

प्रश्नावलीत पुढे होतं:
त्या क्षणी तुमच्यासमोर कोणकोणते पर्याय होते?
‘‘पर्याय नंतर असतात. चौकशीच्या वेळी.’’
हे मी जसंच्या तसं लिहिलं,
कुठल्या रकान्यात, ते कळेना.

तेवढ्यात घंटा.
आग नव्हती, सेक्टर सतरात
मांज्यात अडकलेली घार.
तरी सगळे धावले तसेच,
शिडी, बूट, गाडीचं फाटक, धूळ.
घड्याळ लावायचं मला सुचलंच नाही.

टेबलावर पट्टा घामाने ओला.
काचांच्या आत माझी आग जळत राहिली,
दोन्ही दारं बंद,
आणि माझा भाऊ
खोकत होता.