रानदवण्याचा उतार

जिथं आम्ही राळा पेरायचो
त्या पिवळ्या उतारावर वीस वर्षं नांगर गेला नाही.
शेळ्या विकल्या त्या दिवशी सासरे
गुहेच्या दाराशी दोरी वळत बसले,
बांधायला काही नसताना.

आधी काटेरी काही उगवलं, मग रानदवणा,
मग एक गवत, त्याला मी 'धाकटं' म्हणते.

आता केंद्रासाठी मी पारा वाचते.
भर दुपारी, चार बोटं खोल :
पायवाटेवर एकेचाळीस,
धाकट्याखाली सव्वीस.
सासऱ्यांना आकडा पटला नसता,
त्यांनी हातच घातला असता मातीत.

शांग्वान गिरमिट फिरवते.
वीतभर माती मुठीत लाडवासारखी वळते.
दोन पुरुष खाली मात्र नुसतं पीठ,
राळ्याच्या काळी होतं त्याहून कोरडं.
"मुळं पितात," ती म्हणते,
"पाऊस तिथवर पोचतच नाही."

वहीत दोन्ही आकडे लिहिते. वरचा. खालचा.
भोक बुजवण्याआधी
बाटलीतलं उरलेलं पाणी आत सोडते.

"ग्वेलानमावशी! पुढच्या खेपेचा आकडा बिघडेल!"

ओरडली खरी,
पण तोवर माती गटगट आवाज करत होती
आणि दोघीही
वाकून ऐकत होतो.