वडापचा हिशेब

पुतण्या विमान कंपनीत. खरसुंडीला आला,
जेवताना म्हणाला,
तात्या, पाचशे सीटांचं दुमजली घ्यावं का?

मी वडाप चालवतो, आटपाडी ते विटा.
नऊची जीप, चौदा बसतात;
भरली की निघायची.
शिदानं सव्वीस सीटांची गाडी काढली,
शेवटच्या चौघांसाठी
भिंगेवाडी फाट्यावर तासभर हॉर्न.
बसलेलेपण उतरून माझ्याकडं आले.

"नको," म्हणालो. भाकरी मोडली.

मग आठवलं, गलाईवाल्यांच्या सुलीचं लग्न:
वऱ्हाड चार जिपांत वाटलेलं,
अंतरपाट धरलेला, अक्षता मुठीत घामेजलेल्या,
आणि मामा चौथ्या जीपमध्ये,
करगणीच्या अलीकडं, पंक्चर.

पोरगं गप्प. आमटी निवत होती.
म्हटलं, रोजच्याला नकोच रे.
पण यात्रेपुरतं
एखादं भाड्यानं मिळतंय का बघ.