सहा भोकांची चाकं

वडाळा नाक्यावर रऊफभाई मनियारांनी
चाक उचललं, उलटं केलं,
आणि पहिलीतल्या पोराकडून म्हणवून घ्यावं तसं
मोठ्याने मोजलं:
एक, दोन, तीन, चार, पाच, सहा.
मग जीपच्या हबवर बोट टेकवलं. पाच.
"ताई, हे सहावं कुठं लावू?"

चारही अलॉय मी जुन्या बाजारातून आणलेली,
काळी, तकतकीत,
घासाघीस करून साडेअकरा हजारांत,
आणि घरी पोचेस्तोवर स्वतःवरच खूश.
जीप देवळालीच्या लिलावातली.
तिचं इंजिन मी उघडलंय, गिअरबॉक्स मी बसवलाय,
सातपूरला नऊ वर्षं या हातात मायक्रोमीटर होता,
मिलिमीटरच्या शंभराव्या भागाला मी माल परत पाठवायचे,
आणि भोकं मोजली नव्हती.
दिसलं, आवडलं, घेतलं.
(अशी एकदा माझी सोयरीकही जमली होती. ते असो.)

रऊफभाईंच्या घरात तीन पिढ्या बांगड्यांच्या.
त्यांची आई सिन्नर, निफाड, ओझर करायची,
पेटी डोक्यावर.
बाईचं मनगट बघायचीच नाही म्हणे.
अंगठा तळव्यात दुमडायची, हाडं जवळ दाबायची,
आणि सांगून मोकळी: सव्वादोन. अडीच.
"माप मनगटाचं नसतं, ताई.
बांगडी जिथनं जाते तिथलं असतं."

मला एकतीस इंची हवे होते, रुंद, चिखलाचे.
चिखल मी वर्षातनं दोनदा बघते.
त्यांनी वाद घातला नाही.
शेजारच्या गॅरेजमधून एकतीसचं एक चाक उसनं आणलं,
नातवाची खेळायची माती मडगार्डच्या आत थापली, निळी आणि पोपटी,
आणि म्हणाले, आता वळव. डावीकडे. शेवटपर्यंत.
आता पुढचं चाक त्या दगडावर घे.
दुपारचे दोन. मागे कांद्याचा टेम्पो अडलेला,
त्याचा हॉर्न थांबेना.
मी वळवलं.

पाटीवर नख ओढावं तसं काहीतरी.

उतरून पाहिलं तर पोपटी मातीत
टायरची नक्षी उमटलेली, बोटाचं पेर बुडेल इतकी,
आणि आत स्प्रिंगच्या पट्ट्यावर ताजा पांढरा ओरखडा.
"उभ्या गाडीला काय, काहीही बसतं,"
ते हात पुसत म्हणाले.

स्पेसर टाकूया का, मी विचारलं.
बांगडी दोऱ्याने बांधू का असं विचारल्यासारखं
त्यांनी माझ्याकडे पाहिलं.
चाक बाहेर ढकललं की ओझं बेअरिंगवर,
बेअरिंग रडलं की तू रडणार,
आणि तेही कसाऱ्याच्या घाटात, रात्री.

शेवटी साध्या लोखंडी रिमा.
पंधरा इंची, सात रुंद, ऑफसेट शून्य, पाच भोकं.
टायर दोनशे पस्तीस, पंचाहत्तर.
"काटा साठ दाखवेल तेव्हा तू त्रेसष्टने असशील,
पोलिसाला माझं नाव सांगू नको."
टायरच्या काठाला त्यांनी साबण लावला, फेस काढून,
आईकडून शिकलेला तोच हात.
हवा भरत गेली. पंचवीस. तीस.
आणि टप्.
एक बाजू बसली. जरा थांबून दुसरी.
मला उगाच माझा डावा हात वर धरावासा वाटला.

रविवारी पहाटे त्र्यंबक रोडला रिकाम्या चौकात
मी फुल लॉक मारून तीन गोल चकरा घेतल्या,
काचा खाली, रेडिओ बंद.
कुत्रं भुंकत होतं. बाकी काही ऐकू आलं नाही.
परत उलट्या दिशेने तीन.

अलॉय कुणी परत घेईना.
एक गच्चीत आडवं टाकलंय,
मधल्या मोठ्या भोकावर खापरी ठेवून माती भरली, कोथिंबीर पेरली.
बरी आलीय.
सहाही भोकांतून पाणी छान निथळतं.