उताराला तोंड

दहाच्या उन्हात गॅरेजला नेली
की गाडी शहाण्यासारखी वागायची.
अर्ध्या सेल्फात चालू.
इलियास मिस्त्री बोनेटवर हात ठेवून बघायचे
माझ्याकडेच.

पहाटे चारला, येलदरीच्या काठावर,
तीच गाडी ओळख दाखवायची नाही.
सेल्फ फिरायचा, फिरायचा, आवाज जाड व्हायचा,
मागं क्रेटमध्ये रोहू, कटला, वर बर्फाचा चुरा,
आणि जिंतूरचा लिलाव सहाला.
सातला जाणाऱ्याला सातचा भाव.

साडू म्हणाला, बॅटरी. बदलली.
पंपावरचा पोऱ्या म्हणाला, थंडीत हीटर जातात. चारी बदलले.
चुलत्यानं लिंबू बांधलं, तेही राहू दिलं.
नांदेडचा एक जण म्हणाला, पंप खोलावा लागंल,
आणि आकडा असा सांगितला
की मी त्याला च्या पाजून परत आलो.

शेवटी इलियासभाईंनीच विचारलं,
"फिरवतोस तेव्हा धूर निघतो का?"
नाही.
"पांढरा? थोडा तरी?"
काहीच नाही.
"मग जळत नाही असं नाही. पोचतच नाही."
आणि जरा थांबून,
"रातची कशी उभी करतोस?"
घर चढावर. तोंड वर, टाकी खाली.
ते हसले नाहीत. म्हणाले, आज मुक्कामाला येतो.

आले. कांबळं, टॉर्च,
आणि गवंड्याच्या लेव्हलची हातभर नळी.
फिल्टरच्या पुढं काळा पाईप काढून ती बसवली,
गाडी एकदा चालू करून बंद केली,
नळीत डिझेल काठोकाठ, मधासारखं.
"आता हिला कुणी हात लावायचा नाही,"
असं माझ्या पोरांना सांगून
ओसरीवर झोपले. घोरले नाहीत.

चारला उठवलं मला.
टॉर्चच्या उजेडात नळी अर्धी रिकामी.
रात्रभर, आम्ही झोपलो असताना,
डिझेल आल्या वाटेनं टाकीत उतरून गेलं होतं.
खाली एक थेंब नाही.
आत जाणारी हवा कुठं डाग पाडते?

मग हातपंप. अंगठ्यानं, एक एक दाब,
मी एकोणचाळीसपर्यंत मोजलं,
पंप कडक झाला,
तेव्हा कुठं फिल्टरच्या डोक्यावर
तांब्याच्या वॉशरखाली बारीक घाम आला.
"हा बघ," ते म्हणाले, अगदी हळू,
घरातलं कुणी उठू नये असं.

वॉशर दहा रुपयांचा.
मजुरी घेतली नाही, दोन मासे घेतले.
काटे कमी असलेला दे म्हणाले,
दात राहिले नाहीत.

बॅटरीचे हप्ते चालू आहेत अजून.
गाडी आता एका सेल्फात उठते,
तरी रात्री मी तिचं तोंड उताराकडं करतो,
चाकाला दगड लावतो,
आणि पहाटे चावी फिरवायच्या आधी
उगाच एकदा विचारतो तिला,
आहेस ना.