टेबलाची चौथी बाजू

टेबलाला चार बाजू असतात.
आमच्या टेबलाला आता तीनच.
चौथीवर कॅमेरा उभा,
पापणी न लववणारा.

ओउलू, जानेवारी. दुपारी तीनलाच काळोख.
बंद पडलेल्या स्कीच्या दुकानामागची खोली,
भिंतींना अजून मेणाचा वास.
तुइरे माइकवर फुंकर मारते, म्हणते,
"तुम्ही दलदलीच्या काठाशी उभे आहात."
आणि आम्ही असतो.
मी, शहर बसचा ड्रायव्हर, वैदू होतो.
सानेल्मा, दातांच्या दवाखान्यात बिलं बनवणारी,
कमरेला कुऱ्हाड खोचून
पूल अडवून बसलेल्या राक्षसिणीशी
दोन नाण्यांवरून हुज्जत घालते.

पहिल्या रात्री पाहणारा एक होता.
आम्ही हरखलो.
तो तुइरेचाच जुना फोन निघाला,
कोटाच्या खिशात चालू राहिलेला.

आता अकरा हजार.
कुणी लिमात बाळाला थोपटत,
कुणी बुसानच्या गोदीत रात्रपाळीला.

तिथे वेइक्को बसायचा, चौथ्या बाजूला,
दाराकडे पाठ करून.
दान वाईट पडलं की टेबलावर मूठ आपटायचा,
सगळ्यांची कॉफी सांडायचा.
सात वर्षांत त्याच्या चोराला
एक कुलूप धड उघडता आलं नाही.
कॅमेरा आला तेव्हा म्हटलं, सरक आमच्याकडे.
दोन आठवडे सरकून बसला.
मग म्हणाला,
"मला तुमच्यासमोर खोटं बोलता येतं.
लोकांसमोर नाही."
कोट घेतला, गेला.

काल फासा घरंगळला,
रेडिएटरखाली दिसेनासा झाला.
आम्ही तिघं पालथे पडून
फुटपट्टीने चाचपडत,
आणि अकरा हजार माणसं
रिकाम्या खुर्च्यांकडे बघत थांबलेली.
बऱ्याच वेळाने सापडला.
वीस बाजूंपैकी वर होता एक.
कुऱ्हाडवाली मेली.
सानेल्मा खरंच रडली.
लिमाहून कुणी लिहिलं:
बाळ झोपलंय, म्हणून तोंड दाबून रडतेय.

रात्री सगळं आवरल्यावर
मी ते हजारो निरोप वरपासून वाचत गेलो.
फासा पडला त्याच मिनिटाला
नाव नसलेल्या कुणीतरी लिहिलं होतं:

"डावीकडे. पाइपामागे.
नेहमी तिथेच जातो."

रेडिएटर कॅमेऱ्यात येत नाही.