टिकलीवरचा खळगा

लष्करात, फालका बाजाराच्या मागच्या गल्लीत आमचं दुकान.
पाटीवर आबांचं नाव, खाली लायसन्स नंबर;
त्यातला चार गेल्या होळीत रंगाखाली गेला तो गेलाच.
निवडणूक लागली की हत्यारं ठाण्यात जमा करायची,
त्याआधी लोक इथं येतात. घोरपडेजी, जरा तेलपाणी.
आजोळी धाडायच्या पोराची नखं काढावीत तसं.

हातात घेतलं की कळतं.

सरकारी कारखान्यातलं आधी वजन सांगतं, मग बोलतं.
चाप ओढताना जात्यात खडा आल्यासारखं,
स्लाइड मागं घ्यायला दोन्ही खांदे लागतात.
पण पावसाळाभर भुशाच्या पोत्यात ठेवा,
पुसू नका, विसरून जा,
पन्नास भरा, पन्नास जातात.
आमच्या शकूरची लुना तशी. लाज वाटते, पण लागते.

जर्मनचा पहिला चाप लांब, जड.
दुसऱ्यापासून लोणी.
पहिली गोळी विचार करायला वेळ देते,
दुसरी देत नाही.

चेकची मूठ अशी की बोटं न सांगता जागेवर बसतात.
मात्र मॅगझिन नकली घातलं, त्याचे ओठ जरा फाकले,
की तिसरी गोळी उंबऱ्यावर नाक वर करून अडते.
गिऱ्हाईक म्हणतं, पिस्तूल खराब.
मी ओठ चिमट्यानं आत घेतो, दीडशे रुपये लावतो.

आणि बेल्जियमचं.
आबांचं लाडकं, माझंही.
स्प्रिंग नळीभोवती गुंडाळलेली, घोडा आतच लपलेला,
अंगरख्यात कुठं अडकत नाही.
तळव्यानं मागून दाबलं नाही तर सुटत नाही:
मूठ मनापासून हवी, म्हणायचे आबा.
खिशात टाकलं तर खिसाच विसरतो.

जानेवारीत, धुकं दुकानात शिरत होतं तेव्हा,
भिंडकडचा एक भदौरिया मफलरात गुंडाळून तेच घेऊन आला.
शेजारी दोन काडतुसं उभी केली. चालत नाही, म्हणाला.
टिकल्यांवर खळगे होते,
तान्ह्याच्या नखाएवढे, उथळ.
पिनेची स्प्रिंग थकलेली. पंधरा मिनिटांचं काम.

एक खळगा असता तर काहीही असू शकतं.
दोन म्हणजे स्लाइड ओढून पुन्हा चाप ओढला.
मी नोंदवहीत लिहिलं: स्प्रिंग बदलणे.
कुणावर, असा रकाना आमच्या वहीत नाही.

दोन दिवसांनी त्याची बायको आली, गजकचा डबा घेऊन.
बसली नाही.
बाहेर मोटरसायकलवर धाकटा दीर,
इंजिन चालू, हेल्मेट डोक्यावरच.
किती दिवस लागतील?
परवा देतो, म्हटलं.
ती भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत राहिली.
इतक्या जुन्याचे भाग आता मिळत नसतील, म्हणाली.
विचारलं नाही तिनं. सांगितलं.

फेब्रुवारी गेला. होळी गेली.
त्याचा फोन येतो; मी म्हणतो, कोलकात्याहून यायचीय.
स्प्रिंग तिसऱ्या खणात आहे, बटर पेपरमध्ये.
आबांनी जन्मात काम अर्धं ठेवलं नाही.
रात्री शटर ओढल्यावर मी ते बाहेर काढतो,
रिकामं आहे ना, दोनदा बघतो,
स्लाइड मागं घेतो. तूप.
चाप दाबतो. आत कुठंतरी
टक्.
इतका हलका की शकूरला ऐकूही येत नाही.

काल नवं लायसन्स मिळालेलं एक पोरगं आलं.
काका, सगळ्यात भरवशाचं कुठलं?
मी त्याच्या हातात सरकारी ठेवलं.
जड आहे, तो म्हणाला.
आहे, मी म्हणालो,
आणि गजकच्या रिकाम्या डब्यात
स्क्रू शोधत बसलो.